साखर पेठेतली रांगेतली घरं: पाडावीत, ठेवावीत, की काय करावं?

साखरपेठी

बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची वेळ आत्ता आली. घरात सध्या एकच विषय आहे, जेवायला बसलं की वाद. म्हटलं चार बाहेरच्या लोकांना विचारावं.

सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेत आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे. वाडा नाही. चौक नाही, दिंडी दरवाजा नाही, नक्षीचे खांब नाहीत. रुंदीला जेमतेम दोन खण आणि मागे लांबच लांब. पुढे दगडी ओटा, मग दार, मग एक मोठी खोली. त्या खोलीत आधी खड्ड्याचा हातमाग होता. पुढे आजोबांनी खड्डा बुजवून यंत्रमाग बसवले. त्याच्या मागे देव आणि झोपायची जागा, मग स्वयंपाकघर, न्हाणी आणि एवढंसं परस. डावी-उजवी दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी घरं अशीच.

माग केव्हाच भंगारात गेले. मोठे काका म्हणतात पाडा, खाली दोन गाळे काढा, वर तिघा भावांना तीन मजले. नान्ना (वडील) म्हणतात मी आहे तोवर हात लावायचा नाही. मी पुण्यात, माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. पुण्या-नाशकात वाडे वाचवा म्हणून लेख येतात, प्रदर्शनं भरतात. सोलापुरात वारसा म्हटला की भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ, फार तर महापालिकेची इंद्रभुवन इमारत. विणकरांच्या घरांची रांग कुणाच्या यादीतच नसते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती जिथे विणली गेली त्या खोलीला काय मिळालं?

प्रश्न असा: असं घर ठेवायचं म्हटलं तर त्यातलं नेमकं काय ठेवण्यासारखं आहे? कुणी असं काम केलंय का?

बाळीवेसकर

पहिला!

फोटो टाक की बे. फोटोशिवाय घराचा धागा म्हणजे शेंगाचटणीशिवाय भाकरी.

कांडीवाली

मी दाजी पेठेतली. अशाच घरात जन्म, अशाच घरातून लग्न होऊन बाहेर पडले, म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायला बसायचं. चार माग एका खोलीत चालू असले की आई शेजारी बसून बोलली तरी ऐकू यायचं नाही, आम्ही ओठ बघून समजून घ्यायचो. कापसाचा बारीक फुफाटा सगळीकडे. दुधात, पांघरुणात, देवाच्या फोटोवर. उन्हाळ्यात रात्रपाळीचे माग चालू असताना त्याच भिंतीपलीकडे आम्ही झोपायचो आणि शेजारचे बंद झाले तर त्यांचे चालू असायचे, कारण भिंत सामाईक! आईला आज एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. वडिलांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

त्या घराला आज कुणी 'वारसा' म्हटलं की मला राग येत नाही, हसू येतं. तुमचे काका रोज त्या घरात राहतात ना? मग त्यांचं ऐका.

साखरपेठी

ताई, तुमचं म्हणणं पोचलं. काका राहतात हे खरं आहे. पण काकांना गाळे हवेत ते भाड्यासाठी, कान वाचवायला नव्हे. माग गेले, आवाज गेला. आता उरलेल्या रिकाम्या घराचं काय, हे विचारतोय.

तुळई

धागा माझ्या पोटापाण्याचा आहे (सिव्हिल, सोलापुरातच जुनी घरं दुरुस्त करतो, पाडतोही), म्हणून जरा सविस्तर.

आधी छत. साखरपेठींनी लिहिलेलं नाही, पण मूळ छत माळवदच असणार. माळवद म्हणजे नुसती माती नव्हे. भिंतींवर आणि खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, मग तुडवलेल्या चिखलाचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती पाणी पडलं की फुगते आणि बारीक भेगा आपोआप मिटतात. दर उन्हाळ्याच्या शेवटी वर नवी माती टाकून चोपायची, पन्हाळी साफ करायच्या, एवढं केलं की पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून हे जमतं, कोकणात एका आषाढात खाली येईल. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना माळवदाखाली पंखा पुरतो. त्याच घरावर पत्रे घातले की दुपारी तीनला आत बसून दाखवा.

मधल्या काळात लोखंडी गर्डर टाकून वर शहाबादी फरशीचं छत करायची पद्धत होती. शहाबाद आपल्याच रेल्वे लाईनवर, फरशी स्वस्त पडायची. जमिनीलाही तीच. तुमच्या घरात पुढच्या खोलीला गर्डर आणि मागे माळवद असेल तर नवल वाटून घेऊ नका.

दुसरं म्हणजे उंची. चादरीच्या मागावर वर जकार्ड (नक्षीसाठी उभे धागे उचलणारं यंत्र) बसतं. त्याला डोक्यावर भरपूर जागा लागते. मी पाहिलेल्या घरांत पुढची खोली उंच आणि मागच्या खोल्या बुटक्या असं खूपदा असतं. पूर्व भागातलं घर बाहेरून घरासारखं दिसलं तरी त्याची मापं मागाने ठरवलेली आहेत, माणसाने नाही. हातमागाच्या वेळी पायटे (पायाने दाबायच्या पट्ट्या) खड्ड्यात, विणकर जमिनीच्या पातळीला बसलेला. खड्ड्यातल्या गारव्याने सुताला थोडी ओल राहायची, कोरड्या हवेत सूत तुटायचं नाही. यंत्रमाग आले तेव्हा खड्डे बुजले, पण मातीच्या भिंतींना दिवसरात्र हादरे बसायला लागले. बहुतेक तडे तिथले.

सामाईक भिंतीबद्दल नंतर लिहितो, साईटवर जायचंय. तोवर काकांना सांगा, कुदळ मारू नका.

खरं_बोलू_का

माळवदाचं कौतुक वाचून डोळे भरून आले. आमच्याकडेही भरून यायचे, ताट, वाटी, परात, बादली, सगळं भरून यायचं. पहिल्या पावसात आई भांडी मांडायची तेव्हा आम्हाला वाटायचं पाहुणे येणारेत.

तुळई

@खरं_बोलू_का, माती टाकायला वर कोण जायचं तुमच्याकडे?

खरं_बोलू_का

कुणीच नाही. तेच तर.

हुग्गी_आणि_दूध

मी गेली कित्येक वर्षं भारताबाहेर, पण वाचता वाचता भवानी पेठेत पोचलो. आमच्या रांगेतली सगळी माळवदं एकमेकांना लागून होती. मध्ये गुडघाभर कठडा, बस्स. संक्रांतीला पतंग काटला की या टोकाहून त्या टोकापर्यंत धावत जायचं, खाली कुणाच्या तरी डोक्यावर माती पडायची आणि शिव्या यायच्या, तेलुगूतही आणि कानडीतही. रंगवलेल्या सुताच्या लडी दोरीवर वाळत असायच्या. गटारीचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस हिरवं. उन्हाळ्यात सगळी गल्ली वर झोपायला. पाण्याचा माठ वरच, आणि रात्री कुणाच्या घरात काय भांडण चाललंय हे सवण्यातून (छतातल्या झरोक्यातून) ऐकू यायचं.

कांडीवालीताई, तुमचं सगळं खरं असेल, पण आज मी राहतो तिथे शेजाऱ्याचं नाव मला माहीत नाही. ती घरं गेली की ती माणसंही जातील.

कांडीवाली

दादा, माळवदावर मुलगे झोपायचे. आम्ही खाली, मागांच्या शेजारी. आणि सवण्यातून काय ऐकू येतं याची आम्हाला खालून फार काळजी असायची.

शुक्रवारची_सून

+१ कांडीवाली. दोनशे टक्के.

बाळीवेसकर

जरा कसब्याकडंही या की. सगळं पूर्व भागच का?

आमच्याकडं रांग वेगळी. उत्तर कसबा, बाळीवेस, तेली गल्ली, इथली घरं व्यापाऱ्यांची, शेतीवाल्यांची. काळ्या दगडाचं जोतं, दोन्ही बाजूला ओटे, आत ढाळज (दारालगतची बसायची पडवी), मग चौक, बळद (धान्याचं कोठार), धान्याचा वास. घराला लागून घर हायच, पण भिंती जाड, तोंडं वेगवेगळी. गल्ली सरळ जात नाही, वळतच राहते. पूर्व भाग बघा, रेघ मारल्यागत.

आमच्या रस्त्यांचं माप आणखी एका गोष्टीनं ठरतं. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यापासून निघतात, अडुसष्ट लिंगांना फिरून यण्णीमज्जन (तेलाचा अभिषेक) करतात. उंचच्या उंच काठी, खाली एकच माणूस, अंगात बाराबंदी, कमरेला पट्टा. ती काठी गल्लीतून जायची म्हणजे वर वायर नको, कुणाची गॅलरी पुढं आलेली नको. पूर्वी सगळे माळवदावर आणि सज्जात उभे राहून बघायचे. आता एकानं चौथा मजला बाहेर काढला की पुढचा प्रत्येकजण तेवढाच काढतो. काठी खाली वाकवून न्यायची पाळी येईल एक दिवस.

खरं_बोलू_का

म्हणजे सोलापूरचा विकास आराखडा खरा सिद्धरामेश्वरांच्या हातात. चांगलंय की, निदान कुणीतरी आहे.

नकाशेवाला

बाळीवेसकर, फरक बरोबर टिपलात. कसबा आधीचा, किल्ल्याजवळचा आणि वेशींच्या आतला. त्यामुळे वाकडा-तिकडा. पेठा पुढे वाढल्या आणि गिरण्या आल्यावर तर फारच. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. त्याच सुमाराला तेलंगणातून पद्मशाली (विणकर समाजाची) कुटुंबं दुष्काळाने आणि कामाच्या शोधात येत राहिली. काही गिरणीत शिरली, काहींनी स्वतःचे माग टाकले. एकदम एवढी माणसं आली की जागेचे लांबट तुकडे पाडतात, पुढची बाजू अरुंद. सरळ रांगा त्यातून आल्या. कुठल्याही गिरणगावात हेच दिसेल.

साखरपेठी

आजोबा वेगळं सांगायचे. त्यांच्या म्हणण्याने गल्ली सरळ हवी ती पाजणीसाठी. ताणा (मागावरचं उभं सूत) गल्लीत लांबवर ताणून, दोन्ही टोकांना बांधून त्याला खळ लावायची, कुंच्याने पिंजायचा, उन्हात वाळवायचा. त्याला सरळ आणि मोकळी जागा लागते. गल्लीत वळण असेल तर पाजणी होणार कशी? पहाटे ताणा लागला की बैलगाडीसुद्धा दुसऱ्या बाजूने जायची.

नकाशेवाला

पाजणी गल्लीत व्हायची हे मान्य. पण गल्ली आधी की पाजणी आधी? सरळ गल्ली मिळाली म्हणून तिथे पाजणी केली, असंही असेल.

कांडीवाली

दोघांनाही सांगते, पाजणी करणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं गल्ली कशी हवी. पण एवढं खरं, आमच्या अव्वाच्या (आजीच्या) सांगण्याप्रमाणे त्या दिवशी गल्लीतल्या एकीनेही बाहेर सडा टाकायचा नाही. खळ लावलेल्या ताण्यावर शिंतोडा उडाला तर भांडण.

भोंगा

चाळीचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. माझं लहानपण गिरणीच्या चाळीत गेलं. बैठी रांग, एक खोली आणि पुढे पडवी, नळ सामाईक, संडास टोकाला. दिसायला तुमच्या पेठेतल्या रांगेसारखीच, पण मोठा फरक आहे. पेठेतलं घर विणकराचं स्वतःचं. चाळ गिरणीची. भिंतीत खिळा मारायचा तरी विचार करायचो. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, घड्याळ घरात नव्हतंच. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पेठेतल्या माणसाकडे निदान घर उरलं, आमच्याकडे फक्त देण्यांचे हिशेब आणि कोर्टाच्या तारखा.

जुन्या मिलच्या आवारात आज बंगले, दवाखाने, हॉटेलं आहेत. तिकडून जाताना मुलाला सांगतो इथे गिरणी होती, तो मोबाईलमधून मान वर करत नाही. चूक त्याची नाही, दाखवायला काही ठेवलेलंच नाही.

त्यामुळे साखरपेठींना एवढंच: मालकीचं आहे तोवर घाई करू नका.

तारेपलीकडे

भोंगा यांनी मालकीचा मुद्दा काढला, त्याला जोडून. सोलापुरात आणखी एक रांग होती, सेटलमेंटची. इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी घेतली, गिरणीत कामाला लावलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आमचे आजोबा तिथले. रांगेतल्या खोल्या तिथेही होत्या, भिंतीला भिंत तिथेही होती, शेजारधर्मही होता. पण रांगेतली घरं म्हटली की सगळ्यांचा आवाज जो हळवा होतो, तो आमच्या घरात होत नाही. घरं जवळजवळ बांधली की माया आपोआप येते असं नसतं. कुणी बांधली, कशासाठी, तेही बघावं लागतं.

धाग्याला विरोध नाही. चालू द्या.

हुग्गी_आणि_दूध

हे वाचून गप्प झालो. इतकी वर्षं सेटलमेंट म्हणजे बसस्टॉपचं नाव एवढंच डोक्यात होतं.

संपादक_मंडळ

चर्चा चांगली चालू आहे. मधले दोन प्रतिसाद (कुठली पेठ खरी सोलापूर, आणि कुणाचा गणपती मोठा) उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

बाळीवेसकर

एक माझा होता. उडवला तरी पत्रा तालमीचा गणपतीच मोठा.

विडी_घरकुल

नव्या रांगांबद्दल बोलायचं का? कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, २००६ साली मिळाली. आई तिथली. नंतर रे नगर, त्यातली पंधरा हजार २०२४ च्या जानेवारीत दिली. सगळी रांगेतच की.

तिथं काय झालं सांगतो. घर मिळालं तेव्हा सगळी अगदी एकसारखी, रात्री दारू न पिताही माणूस चुकून दुसऱ्याच्या दारात उभा. वर्षभरात प्रत्येकीनं पुढं काय केलं? ओटा! कुणी शहाबादीचा, कुणी विटांचा, कुणी नुसती फरशी टाकून. कारण विडी घरात वळता येत नाही. उजेड लागतो, वारा बेताचा लागतो, मांडीवर सूप, पाण्यात भिजवलेला पाला, कात्री, आणि शेजारणीशी बोलायला तोंड मोकळं. हजार विड्यांचं गणित उंबऱ्यातच होतं. आराखड्यात ओटा नव्हता, बायकांनी काढला. मला विचाराल तर पूर्व भागातल्या घरातलं ठेवण्यासारखं तेवढंच आहे. खांब-बिंब राहू द्या.

शुक्रवारची_सून

हे पटलं!! आमच्या सासूबाई अजून ओट्यावर बसूनच भाजी निवडतात. आत चार खोल्या रिकाम्या आहेत. ओट्यावर बसलं की कोण आलं, कोण गेलं, कुणाची मुलगी कुणाबरोबर बोलली, सगळी खबर. सीसीटीव्हीची गरज नाही आमच्या गल्लीला. (सुनांच्या बाजूने हे सुख नाही, ते वेगळं.)

नकाशेवाला

ओट्याचं कौतुक ठीक, पण कायद्याने बघितलं तर बरेच ओटे गटारीवर किंवा रस्त्याच्या जागेवर आलेले असतात. रुंदीकरणात पहिला घाव तिथेच. अॅम्ब्युलन्स शिरत नाही, अग्निशामकची गाडी शिरत नाही, तेव्हा ओटाच आडवा येतो. जुन्या दाट वस्तीत पुढून जागा सोडायची वेळ आली तर आधी ओटा सोडा.

विडी_घरकुल

साहेब, अॅम्ब्युलन्सला ओटा आडवा येत नाही, ओट्यापुढं लावलेली बुलेट आडवी येते. ओटा तिथं शंभर वर्षं हाय, गाड्या परवा आल्या.

बाळीवेसकर

अन् त्यात पाण्याचे ड्रम! चार दिवसांनी पाणी म्हटल्यावर प्रत्येक दारात निळे ड्रम रांगेत. वास्तुशास्त्रात लिहायला पाहिजे, सोलापुरी घराच्या ईशान्येला ड्रम.

खरं_बोलू_का

ईशान्येला ड्रम, आग्नेयेला गॅस, नैऋत्येला न विकलेल्या टॉवेलचे गठ्ठे, आणि ब्रह्मस्थानी भाऊबंदकी.

तुळई

परत आलो. वादाचे मुद्दे वाचले. आता मूळ प्रश्नाकडे, कारण साखरपेठींचे काका वाट बघणार नाहीत.

सामाईक भिंत. अशा रांगेत प्रत्येक भिंत दोन्ही बाजूंच्या घराचं ओझं घेते. बाहेरून दगड किंवा पांढऱ्या मातीच्या विटा, मध्ये मातीची भर. तुमच्या तुळयांची टोकं या बाजूने घुसलेली, शेजाऱ्याची त्या बाजूने. मधलं एक घर काढलं की दोन्हीकडच्या भिंतींचा आधार जातो, पहिल्याच पावसात उघडी पडलेली भिंत पाणी पिते, पोट काढते आणि बसते. दर पावसाळ्यात भिंत पडल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शेजारी नुकतंच पाडकाम झालेलं असतं. म्हणून तुम्ही पाडलंत काय, ठेवलंत काय, शेजाऱ्यांशी आधी बोलणं सुटत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा काढा, भिंत कुणाच्या हद्दीत मोजली आहे ते बघा, दोघांच्या सहीचं कागदावर आणा. तोंडी नको. आपल्याकडे पणजोबांनी तोंडी दिलेली भिंत पणतू कोर्टात मागतो.

आता काय ठेवायचं. पूर्ण घर जसंच्या तसं ठेवा असं मी सांगणार नाही, कारण मागच्या अंधाऱ्या खोल्या कुणालाच आवडत नव्हत्या. कांडीवालीताई लिहितात ते रोज ऐकतो. मी दाजी पेठेजवळ एका कुटुंबाचं काम केलं. त्यांनी असं केलं: पुढची मागाची उंच खोली आणि ओटा ठेवला. मागचं सगळं काढलं. मध्ये छोटा चौक सोडला, कारण लांबट घरात मधे उजेड-वारा घ्यायचा तर वरूनच घ्यावा लागतो. मागे आरसीसीचे दोन मजले उभे केले, स्वतःच्या खांबांवर, सामाईक भिंतीवर काहीही न टाकता. भिंतीपासून थोडं आत सरकून पाया खणला, एका वेळी थोडा थोडा, एकदम चर मारला नाही. जुन्या तुळयांतल्या चांगल्या निघाल्या त्या जिन्याला आणि कपाटांना. माळवदाची माती शेतावर गेली.

पुढच्या उंच खोलीत आधी पोटमाळा टाकायचा विचार होता, मग त्यांनी टाकला नाही. ती खोली त्यांनी मुलांच्या शिकवणीसाठी ठेवली. जकार्डची जुनी चौकट वर तशीच आहे, पंखे तिलाच टांगलेत. मला विचाराल तर तेवढ्या एका लोखंडावरून कळतं की हे घर कशासाठी बांधलं होतं.

खर्च? नवं सगळं बांधण्यापेक्षा फार कमी नाही. जुन्या लाकडाला वाळवी लागली असेल तर वाढतोच. पण गाळ्यांचं भाडं मोजताना काकांना एक विचारा, त्या गल्लीत आत्ता किती शटर बंद आहेत.

कांडीवाली

तुळई, शिकवणीची खोली हे आवडलं. उंच खोली गार राहते, आम्हाला तिथे फक्त कधी बसायला मिळालं नाही. अशी असेल तर माझा विरोध मागे.

एक सुचवते. जे काही कराल त्यात बाईमाणसाला वर गच्चीवर जायला नीट जिना द्या. शिडी नको. साडी नेसून डोक्यावर कुरडयांचं ताट घेऊन शिडी चढणं काय असतं ते आराखडा काढणाऱ्याने एकदा करून बघावं.

नकाशेवाला

मी विरोधक ठरलोच आहे तर एक भर घालतो. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, तेव्हा रस्ते, एलईडी, किल्ल्याभोवतीची कामं, सगळी चर्चा झाली. रांगेतल्या घरांना दुरुस्तीचा सल्ला देणारं एक टेबल, एवढं जरी कुठे मांडलं असतं तर बरंच पडायचं वाचलं असतं. पाडायची नोटीस वेळेवर येते, दुरुस्ती कशी करायची ते कुणी सांगत नाही.

भोंगा

सहमत. आणि मुलांना गल्ल्या दाखवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ पूर्व भागातून निघतो, त्या दिवशी जा. सगळे ओटे भरलेले असतात, वरची माळवदं उरली आहेत तीही. गर्दीत घर कसं वापरलं जातं ते कळतं. रिकाम्या दुपारी फोटो काढून काही कळत नाही.

साखरपेठी

सगळ्यांचे आभार, विशेषतः तुळई आणि कांडीवाली. काल व्हिडिओ कॉलवर काकांना तुळईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. चौक आणि मागे दोन मजले इथपर्यंत ऐकून घेतलं. पुढची खोली ठेवायची म्हटल्यावर म्हणाले, "तुमचं पुण्यातून सांगणं सोपं आहे." मग काकू मागून म्हणाल्या की ओटा गेला तर मी शेळगीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते, तुम्ही बसा गाळ्यात. त्यावर काका काही बोलले नाहीत.

नान्नांना पायटे कुठे होते ते विचारलं. पुढच्या खोलीत खिडकीखालची शहाबादी अजून जराशी पोकळ वाजते म्हणाले. रविवारी सोलापुरात आहे, शेजाऱ्यांशीही बोलणार. भिंत आमची की त्यांची यावर दोन्ही घरांत आत्ताच दोन मतं आहेत.

बाळीवेसकर

फोटो टाक की बे आता तरी.

तुळई

रविवारी दुपारी चारनंतर मोकळा आहे, भिंत बघून जातो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि ती पोकळ फरशी माझ्याशिवाय उचलू नका.

खरं_बोलू_का

खाली सोनं निघालं तर धाग्यावर सगळ्यांचा सामाईक हिस्सा. लेखी करून घ्या, तोंडी नको.